गाळणीची तीन पानं

ऑफिसात त्यांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘गाळणीसाहेब’. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि, खरं सांगायचं तर, त्यांना ते मनातून आवडायचंही. पुस्तकं छापणारी ती एक जुनी संस्था होती. तिच्याकडे आलेलं प्रत्येक हस्तलिखित आधी गाळणीसाहेबांच्या टेबलावर जायचं. त्यातलं काय पुढे जाणार आणि काय कचऱ्यात, हे तेच ठरवायचे. पूर्वी गाळायचं म्हणजे वाईट लेखन गाळायचं. मग एआयने लिहिलेल्या पुस्तकांचा पूर आला. ज्यांना जन्मात पाकिटावर धड पत्ता लिहिता आला नव्हता, ते सहाशे पानांची कादंबरी काखेत मारून दारात उभे राहायला लागले. तेव्हापासून गाळायचं म्हणजे यंत्राचं गाळायचं आणि माणसाचं ठेवायचं.

हे काम आपल्यासारखं दुसरं कुणी करू शकत नाही, अशी गाळणीसाहेबांची ठाम समजूत होती. ते म्हणायचे, “मला वाचावं लागत नाही. मला वास येतो.” त्यांची खोली बोळाच्या टोकाला होती. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत, खाली टेबल, टेबलावर दिवा, दोन ट्रे आणि हिरव्या शाईचं पेन. डाव्या ट्रेमध्ये माणसं, उजव्या ट्रेमध्ये यंत्रं. उजवा ट्रे नेहमी ओसंडून वाहत असे.

त्यांचे नियम त्यांनीच घालून घेतले होते. पहिला नियम असा की लेखकाचं नाव त्यांच्या डोळ्यांना दिसता कामा नये. “नाव दिसलं की नाकाला सर्दी होते,” असं त्यांचं म्हणणं. म्हणून आलेलं पाकीट आधी कारकून बाई उघडायच्या, नावावर आणि पत्त्यावर काळी पट्टी चिकटवायच्या, वर नंबर टाकायच्या. त्यामुळे त्या बाईंना सगळे पट्टीबाई म्हणत. पट्टीखालचं नाव जो फोडेल त्याची नोकरी गेली, हाही साहेबांचाच नियम. दुसरा नियम असा की कुठल्याही लेखनाची तीनच पानं वाचायची. शितावरून भाताची परीक्षा, बाकीचं पातेलं कशाला उपसायचं? तिसऱ्या पानाच्या तळाशी पोचले की त्यांचं पेन उघडलेलं असे.

नापसंत हस्तलिखितं संस्था परत पाठवत नसे. लेखकाला फक्त एक चिठ्ठी जायची, तिच्यावर साहेबांच्या हिरव्या अक्षरातली एक ओळ. त्या ओळींसाठी ते प्रसिद्ध होते. एका निवृत्त अधिकाऱ्याला त्यांनी लिहिलं होतं, “आपण नोकरीत जसे गप्प बसलात तसेच इथेही बसावे.” आणि त्या हस्तलिखिताचे कागद? जुन्या काटकसरीने ते मधोमध फाडले जायचे, वर चिमटा लावून त्यांचे गठ्ठे व्हायचे आणि कोऱ्या बाजूवर सगळं ऑफिस कच्चं लिखाण करायचं. साहेबांचे अभिप्रायही आधी त्याच गठ्ठ्यांवर उतरायचे. एका लेखकाच्या पाठीवर दुसऱ्या लेखकाचा निकाल लिहिला जात होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

शनिवारी चहाला साहेबांचा कार्यक्रम असायचा. आठवड्यातलं सगळ्यात बनावट हस्तलिखित ते मोठ्याने वाचून दाखवायचे, मधे मधे शेरे मारायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. सगळ्यात जास्त हसायचा तो मुखपृष्ठवाला. त्याची स्वतःची चित्रं आता कुणाला नको होती, यंत्राने काढलेल्या चित्रांना रंगरंगोटी करून तो पोट भरत होता. आपल्यासारखं आणखी कुणाचं तरी वाईट होतंय हे बघून माणसाला बरं वाटतं, त्याला काय करणार! एकदा तर हस्तलिखित मिळालं नाही म्हणून साहेबांनी पट्टीबाईंचा रजेचा अर्जच वाचून दाखवला. नवरा आजारी असल्याचं बाईंनी लिहिलं होतं. साहेब म्हणाले, “नवऱ्याचं पात्र ठसठशीत उतरलेलं नाही. आजारही ओढूनताणून आणलेला वाटतो.” हशा झाला. पट्टीबाईही हसल्या. त्यांचा नवरा पुढे त्याच आजारात अंथरुणाला खिळला.

आता साहेबांच्या घरचं सांगायला हवं. त्यांची बायको दीर्घ आजारात गेली होती. त्यावर त्यांनी एक लेख लिहिला आणि तो खूप गाजला. बायकोच्या उशाशी बसून आपण तिला आवडती कादंबरी कशी वाचून दाखवली, आपलं काम निघालं की लेक पुढचं कसं वाचायची, आणि शेवटच्या दिवशी पुस्तकातली खूण शेवटून दुसऱ्या प्रकरणापाशी कशी आली होती, असं सगळं त्यात होतं. शेवटचं वाक्य होतं, “एक प्रकरण तिने माझ्यासाठी राखून ठेवलं.” लोकांनी तो लेख कापून ठेवला, सभांमधून वाचला. साहेबांनीही तो इतक्यांदा वाचून दाखवला की त्यातला शब्दन् शब्द घडलेला आहे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

त्यांना एक मुलगी होती. एकुलती एक. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. लेकीने साहित्य शिकावं, निदान शिकवावं, अशी बापाची इच्छा, आणि ही प्लॅस्टरचे जबडे आणि मेणाच्या हिरड्या घेऊन बसलेली. पाहुण्यांसमोर ते म्हणायचे, “आमच्या घरात एक जण खोटं ओळखतो आणि दुसरी खोटं बनवते.” विनोद बरा होता, म्हणून ते तो सोडत नसत. आईच्या आजारपणात मुलगी लॅबमधून बिनपगारी रजा घेऊन घरी राहिली. आई गेल्यावर तिने वेगळी खोली घेतली. भांडण नाही, तंटा नाही. फोन केला तर उचलायची, आपण होऊन करायची नाही. साहेब म्हणायचे, “काही माणसांना दुःख व्यक्तच करता येत नाही. शब्दच नसतात त्यांच्यापाशी.”

तर त्या मुलीने लिहिलं. लॅब सुटल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, जमेल तसं मोबाइलवर लिहिलं. आईच्या शेवटच्या महिन्यांबद्दल जसं होतं तसं लिहिलं, नटवलं नाही, वाढवलं नाही. बापाचा धंदा पहिल्या पानांत मुद्दाम घातला नाही. आणि ते सगळं कागदावर छापून घेऊन तिने बापाच्याच संस्थेकडे पाठवलं. का? तिला पुस्तक काढायचं नव्हतं. नाव झाकलेलं असताना तरी बाप आपलं ऐकेल, एवढीच तिची आशा होती. समोर बसून ती बोलायला लागली की तो तिची वाक्यं दुरुस्त करायचा. हे मी आत्ताच सांगून टाकतो. पुढे जे झालं ते तुम्ही डोळे उघडे ठेवून बघावं, अशी माझी इच्छा आहे.

पाकीट पट्टीबाईंनी उघडलं. नाव वाचलं, आडनाव वाचलं, पुन्हा नाव वाचलं. मुलीला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. हातातली काळी पट्टी तशीच राहिली. बोळातून साहेबांच्या बुटांचा आवाज आला, करकचून नाड्या बांधलेले, रोज पॉलिश केलेले बूट. एक शब्द पुरला असता. पण नियम साहेबांचाच होता, आणि पट्टीबाईंना तो रजेचा अर्जही आठवला. त्यांनी पट्टी कापली, चिकटवली, नखाने नीट घासली आणि हस्तलिखित ट्रेमध्ये ठेवून दिलं.

त्याच सुमाराला मालकीणबाईंनी नवंच खूळ काढलं. संस्था त्यांना सासऱ्यांकडून मिळाली होती आणि पगारांकडे त्यांचं बारीक लक्ष असायचं. यंत्राने लिहिलेलं ओळखायला यंत्रच आणावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग गाळणीसाहेबांची गरज काय, हे त्या बोलल्या नाहीत, पण ते सांगायला ज्योतिषी नको होता. शनिवारी चहालाच त्यांनी यंत्रवाल्याला बोलावलं. कोट घातलेला, गुळगुळीत बोलणारा माणूस, काखेत लॅपटॉप. साहेब त्याच्याकडे न बघता आत आले. हातात लेकीचं हस्तलिखित होतं.

“आज मेजवानी आहे,” ते म्हणाले. “मातृशोक. यंत्राचा आवडता विषय. नीट ऐका.” आणि चष्मा नाकावर घेऊन त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“‘आईच्या खोलीत बूट घालून यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबा कामावरून आले की दारातच उभे राहायचे. आई डोळे न उघडता विचारायची, आले का? मी म्हणायचे, दारात आहेत. बूट काढले? नाही. मग जातील, असं म्हणून ती कूस बदलायची.’”

साहेब थांबले. चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं.

“कळलं का? बाप दारात! का, तर म्हणे बूट! आता मला सांगा, नाडी सोडायला या गृहस्थाला काय क्रेन लागते?”

मुखपृष्ठवाल्याला ठसका लागला. साहेबांना रंग चढला.

“यंत्राला बाप हवा असतो, पण त्याचं करायचं काय हे त्याला कळत नाही. मग ते त्याला दारात उभं करून ठेवतं. हा बाप नाही हो, हे छत्र्या ठेवायचं स्टँड आहे!”

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकीणबाईसुद्धा हसल्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणतात. बायकोच्या आजारपणात साहेब रोज संध्याकाळी दारात उभे राहायचे, काखेत गठ्ठा, “काय म्हणतेय तब्येत?” असं विचारायचे आणि वाचायचं राहिलंय म्हणून पुढच्या खोलीत जायचे. नाड्या सोडायच्या, परत बांधायच्या, त्यात वेळ जातो. आपल्या मनात मात्र ते उशाशी बसलेले होते. आपल्याच लेखात बसलेले होते.

“पुढे बघा,” साहेबांनी पान उलटलं. “‘आईला गोष्टी नको झाल्या होत्या. ती म्हणायची, औषधाच्या खोक्यातला कागद वाच. मी वाचायचे, थंड व कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. आई हसायची. म्हणायची, हा एकच लेखक मला रडवायला बघत नाही.’”

या वेळी हशा जरा कमी झाला. कुणीतरी “अरेरे” म्हणालं. साहेबांनी हात वर केला.

“फसू नका. यंत्राला कुणीतरी शिकवलंय की विचित्र तपशील घातला की लेखन खरं वाटतं. म्हणून हा औषधाचा कागद. मरणाच्या दारातली बाई असलं काही ऐकत नाही. मी उशाशी बसलोय, मला माहीत आहे. माझ्या बायकोने शेवटच्या दिवसांत जवळजवळ अख्खी कादंबरी ऐकली.”

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. साहेबांच्या दुःखाचा मान सगळेच ठेवत. पट्टीबाई बिस्किटं परत डब्यात भरू लागल्या.

“मग आपण यंत्रालाच विचारू,” मालकीणबाई म्हणाल्या. यंत्रवाला वाटच बघत होता. त्याने ती तीन पानं लॅपटॉपला दाखवली. पडद्यावर क्षणभर चाक फिरलं. “माणसाने लिहिलेलं आहे,” तो म्हणाला, “जवळजवळ खात्रीने.”

साहेबांच्या कपाळावर आठी उमटली. तीस वर्षांची खुर्ची डगमगत होती. पण ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शांतपणे उठले, खोलीत गेले आणि बायकोवरचा आपला तो लेख घेऊन आले. “हाही विचारा,” ते म्हणाले.

पुन्हा चाक फिरलं. यंत्रवाल्याचा चेहरा पडला. त्याने दुसऱ्यांदा करून बघितलं, मग तिसऱ्यांदा.

“काय म्हणतंय?” मालकीणबाईंनी विचारलं.

“हे... हे यंत्राने लिहिलंय, असं म्हणतंय.”

मग काय विचारता! मुखपृष्ठवाल्याने टेबलावर थापा मारल्या. कुणी शिट्टी वाजवली. मालकीणबाई लाजेने अर्ध्या झाल्या, “सर, माफ करा हो” असं चारदा म्हणाल्या. यंत्रवाला लॅपटॉप मिटून जिना उतरला तेव्हा त्याच्या मागून हशा खाली चालला होता. साहेबांची खुर्ची पक्की झाली. पहिल्या वेळी यंत्र बरोबर होतं, हे त्या खोलीत फक्त पट्टीबाईंना माहीत होतं. आणि दुसऱ्या वेळी चुकलं म्हणावं, तर मला तसंही छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. लेख साहेबांनीच लिहिला होता, यात शंका नाही. पण लिहिताना ते त्या खोलीत कितीसे होते?

साहेबांनी त्याच उत्साहात चिठ्ठी लिहिली. “यंत्राला आई नसते. एखाद्या आई असलेल्या माणसाकडून लिहून घ्यावे.” पट्टीबाईंनी ती पाकिटात घातली आणि पाकिटावर मुलीचा पत्ता लिहिला.

मुलीला चिठ्ठी मिळाली तेव्हा तिच्या पुढ्यात एका म्हाताऱ्याची कवळी होती. बापाचं अक्षर तिने लांबूनच ओळखलं. एकदा वाचली, घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली. मग कवळीच्या दातांचा रंग जुळवायला घेतला. रडली का? मला ठाऊक नाही. तिच्या शेजारी बसणारी म्हणते, त्या दिवशी तिचं काम नेहमीपेक्षाही चोख झालं.

यंत्राची अशी फजिती झाल्यावर मालकीणबाईंनी साहेबांच्या लेखाचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं. माणसाने लिहिलेलं, माणसाच्या नाकाने पारखलेलं, असं काहीसं मागे छापायचं होतं. त्यात मुलीचंही एक पान असावं, अशी बाईंची सूचना. साहेबांनी फोन केला.

“आईबद्दल एक पान लिहून दे. फार साहित्यिक नको, तुझ्या कुवतीप्रमाणे लिही. पण मनापासून हवं.”

“कधी हवंय?” तिने विचारलं.

“रविवारी घेऊन ये. बऱ्याच दिवसांत आली नाहीस.”

रविवारी ती आली. साहेबांनी स्वतः चहा केला, कप जरा जास्तच भरले. जेवणाच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसली. तिने पान पुढे केलं. साहेबांनी हिरवं पेन बाजूला काढून ठेवलं होतं, चार दुरुस्त्या लागतीलच म्हणून. ते मोठ्याने वाचू लागले.

“‘आई गेली नाही. पुस्तकाच्या पानांत जपलेल्या फुलासारखी ती आमच्या घरात दरवळते आहे. बाबांचा आवाज हेच तिचं शेवटचं औषध होतं. ती ऐकत होती आणि आम्ही शिकत होतो, की शब्द माणसाला वाचवू शकत नसले तरी त्याला एकटं पडू देत नाहीत.’”

पान खाली ठेवून साहेबांनी चष्मा काढला. ते रडत होते. खरंच रडत होते.

“एका शब्दाला हात लावायची गरज नाही,” ते म्हणाले. “मला वाटायचं, तुला लिहिण्याचं अंगच नाही. पण शेवटी रक्त बोलतं. माझी मुलगी शोभलीस.” आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

तिने तो हात हळूच खाली काढला.

“हे मी नाही लिहिलं, बाबा. यंत्राने लिहिलंय. मी त्याला तुमचा लेख दिला आणि सांगितलं, या माणसाला रडू येईल असं लिही.”

साहेबांना आधी हा विनोद वाटला. ते हसायलाही लागले. मग तिने खिशातून चिठ्ठी काढून त्या पानाशेजारी ठेवली. हिरवी अक्षरं त्यांचीच होती.

“आई असलेल्या माणसाने लिहिलेलं तुम्ही नापास केलंत,” ती म्हणाली.

साहेब चिठ्ठीकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. मग एकेक आलं. खोली, दार, बूट, कूस बदलणारी बाई. छत्र्यांचं स्टँड.

“ते... ते तुझं होतं?”

“किती वाचलंत?”

“तीन पानं.”

“म्हणजे चौथ्यावर गेलाच नाहीत.”

“चौथ्यावर काय होतं? मला दे, मी सगळं वाचतो. आत्ता, इथेच बसून वाचतो. शेवटपर्यंत.”

“पुसून टाकलं. तुम्ही खोटं आहे म्हणालात ना. तुमचं नाक कधी चुकत नाही.” तिने पर्स उचलली. “मी रोज खोटे दात बनवते, बाबा. ते ज्याच्या त्याच्या तोंडात नीट बसले की झालं. हे तुमच्या तोंडात अगदी बरोबर बसलं.”

ती गेली. तिच्या कपातला चहा तसाच होता.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच साहेब पायऱ्यांवर उभे होते. पट्टीबाई आल्या तसे ते त्यांच्यामागून आत शिरले.

“त्या मातृशोकाचे कागद कुठे आहेत?”

“त्यांचे गठ्ठे केले की, सर. नेहमीसारखे.” पट्टीबाईंनी पर्स खुंटीला अडकवली. “बरेचसे तुमच्याच टेबलावर गेलेत.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“नाव फोडायचं नाही, असा नियम आहे ना, सर,” बाई म्हणाल्या. “नवऱ्याच्या औषधपाण्यात नोकरी घालवून कशी चालेल?”

साहेबांनी आपल्या टेबलावरचे गठ्ठे उपसले. प्रत्येक कागद उलटून बघितला. कुणाच्या कविता, कुणाचा प्रवास, कुणाचं आत्मचरित्र. लेकीचे बहुतेक कागद वापरून संपले होते. चहावाल्याचा हिशेब, मुखपृष्ठवाल्याची रेघोट्यांची चित्रं, निरोप, फोन नंबर, आणि मग कचरा. कचऱ्याची गाडी शनिवारीच येऊन गेली होती. तळाच्या गठ्ठ्यात शेवटी एक तुकडा सापडला, चौथ्या पानाचा वरचा अर्धा भाग. साहेब उभ्यानेच वाचू लागले.

‘बाबांनी आईच्या उशाशी एक जाड कादंबरी ठेवली होती. वाचून दाखव, म्हणाले होते. त्यातली खूण मी रोज थोडी थोडी पुढे सरकवायचे. आईनेच तसं सांगितलं होतं. ती म्हणायची, “आपण ऐकलं नाही हे कळलं तर त्यांना फार लागेल. सरकव खूण.” एकदा मी विसरले, तर तिने स्वतः हात लांबवून खूण पुढे घेतली. तेवढ्यानेही तिला धाप लागली. मग म्हणाली, “एवढं सोंग मी कुणासाठी केलं नाही. ज्या दिवशी ते बूट काढून इथे येऊन बसतील ना, त्या दिवशी मी त्यांना सांगणार आहे, की’

तिथे कागद फाटला होता.

साहेबांनी तुकडा उलटला. मागे त्यांचंच हिरवं अक्षर होतं, दुसऱ्याच कुणाच्या तरी हस्तलिखिताबद्दल. “पुढे वाचण्याची गरज नाही.”

काय सांगणार होती? आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टींची शेपटं कापत आलेल्या त्या माणसाला हे एक वाक्य पुरं हवं होतं. त्यासाठी त्यांनी खुर्ची, पुस्तक, नाक, सगळं देऊन टाकलं असतं. शिवी असली तरी चालली असती. ते कुणाशी न बोलता जिना उतरले आणि तसेच लेकीच्या घरी गेले.

तिने दार उघडलं. अंगात ॲप्रन होता, कामावर निघायच्या तयारीत होती. मागे एकच खोली, पलंग, खिडकी, आणि खिडकीत आईची जुनी शाल वाळत घातलेली. साहेबांनी तो फाटका तुकडा पुढे धरला.

“हे पुढचं काय आहे? काय सांगणार होती ती मला?”

मुलीने तुकडा वाचला. उलटून मागची बाजूही वाचली. मग तिने तो त्यांना परत दिला.

“एवढं एकच सांग,” साहेब म्हणाले. “मी आत येतो, आपण बसू. बूट काढतो मी. थांब, हे बघ, काढतो.”

ते उंबऱ्यात खाली बसले. वयामुळे गुडघा टेकवावा लागला. सकाळी घाईत गाठ जास्तच करकचली होती. एक टोक ओढलं तर गाठ आणखी आवळली गेली. ते नखांनी उकलत राहिले. मुलगी वरून बघत होती. तिने घाई केली नाही. एक बूट सुटला. तो त्यांनी भिंतीला टेकवून नीट ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.

“राहू द्या, बाबा,” ती म्हणाली. “तुम्हाला जायचंच असेल.”

आणि तिने दार लावून घेतलं.